आधी वॉरंटी, मग बुकिंग: इंदूरमध्ये नवी छोटी गाडी घेण्याचा योग्य क्रम

इंदूरमधल्या मराठी घरांत नवी गाडी बहुधा एका ठरावीक क्रमाने घेतली जाते. आधी मॉडेल आणि रंग ठरतो, मग सवलतीसाठी घासाघीस होते, हप्ता झेपेल का याचा हिशेब होतो, मुहूर्त निघतो, आणि वॉरंटीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात जी जाऊन बसते ती पहिला बिघाड झाल्यावरच बाहेर येते. तोपर्यंत वाढीव वॉरंटी घेण्याची मुदत टळून गेलेली असते, किंवा बाहेर स्वस्तात बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी कापलेल्या वायरीवर बोट ठेवून दावा नाकारला जातो. अशा बहुतेक प्रकरणांत गाडीची निवड चुकलेली नसते, खरेदीचा क्रम चुकलेला असतो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत आणि एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. सगळ्याला मिळून तीन-चार आठवडे लागतील असे धरून मुहूर्त त्यानंतरचा काढावा.

टप्पा 1: वापर कागदावर मांडणे

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी महिन्याचे किलोमीटर लिहून काढावेत. अंदाजाने नव्हे, जुनी गाडी असेल तर तिच्या सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि मीटरचा आकडा दोन्ही असतात, त्यावरून सरासरी निघते. पहिलीच गाडी असेल तर रोजची ये-जा, महिन्यातली उज्जैन-देवासची फेरी आणि वर्षातल्या पुण्या-मुंबईच्या वाऱ्या यांची बेरीज करावी. इंदूर-पुणे जाऊन-येऊन बाराशे किलोमीटरच्या आसपास होते, ते विसरू नये.

हा आकडा दोन ठिकाणी उपयोगी पडतो: इंधन ठरवताना आणि वॉरंटी मोजताना. सुदामानगरात राहणारे निवृत्त जोडपे, ज्यांची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते, आणि धार, खरगोन, खंडवा असा मुलूख रोज पालथा घालणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, ज्याचे महिन्याला साडेतीन हजार होतात, या दोघांनी एकच गाडी घेतली तरी त्यांच्या हाती पडणारी वॉरंटी एकच नसते. हा हिशेब चौथ्या टप्प्यात येईल.

इंधनाबाबत इतकेच पाहावे की, गाडी मुख्यतः गावातल्या गावात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी असेल तर डिझेल टाळावे. बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालावी लागते. राजवाड्यापासून पलासियापर्यंतच्या गर्दीत ते घडत नाही, जाळी तुंबते, आणि अशा तुंबण्याला उत्पादनातला दोष मानले जाईलच असे नाही. सीएनजी हवी असेल तर कंपनीतूनच बसवून आलेली घ्यावी, कारण बाहेरून बसवलेल्या किटमुळे इंजिन आणि वायरिंगची वॉरंटी धोक्यात येते. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, हा खर्चही आधीच धरावा.

टप्पा 2: भरवशाची पारख

एखादी गाडी भरवशाची आहे का, हा प्रश्न विक्री प्रतिनिधीला विचारण्यात अर्थ नाही. तो स्वतःच चार ठिकाणी विचारावा.

पहिले ठिकाण म्हणजे गाडीचे वय, अर्थात त्या मॉडेलचे. नवीन पिढी बाजारात येऊन वर्ष झालेले नसेल, तर तिचे दोष शोधण्याचे काम पहिल्या ग्राहकांच्या वाट्याला येते. बाह्यरूप नवे असले तरी इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्याच मॉडेलमधले असतील तर धोका बराच कमी होतो. दोन्ही नवे असतील तर मी स्वतः वर्षभर थांबण्याच्या मताचा आहे, मग समोर कितीही सवलत असो.

दुसरे म्हणजे यंत्राची गुंतागुंत. साधे पेट्रोल इंजिन आणि हाताचे गिअर यांत बिघडण्यासारखे भाग कमी. टर्बो इंजिन पळते छान, पण त्याला योग्य दर्जाचे तेल आणि वेळेवर सर्व्हिस लागते. ऑटोमॅटिकच्या सगळ्या जाती एका मापाने मोजू नयेत. एएमटी म्हणजे हाताच्याच गिअरबॉक्सला जोडलेला यांत्रिक हात. तो स्वस्त, पण क्लच नेहमीसारखाच झिजतो, आणि क्लचची झीज वॉरंटीत येत नाही. ड्राय क्लचची डीसीटी, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचची ऑटोमॅटिक, मे महिन्याच्या दुपारी इंच-इंच सरकणाऱ्या वाहतुकीत तापते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणारी जात) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी जात) गावातल्या गर्दीत जास्त निवांत चालतात. जवाहर मार्गावरून रोज जाणाऱ्याने हा फरक किमतीच्या फरकाइतकाच महत्त्वाचा मानावा.

तिसरे ठिकाण आहे सर्व्हिस सेंटर, शोरूम नव्हे. सकाळी गाड्या जमा करण्याच्या वेळी तिथे अर्धा तास थांबावे आणि आपल्याला हवे तेच मॉडेल घेऊन आलेल्या दोन-तीन मालकांना तीन प्रश्न विचारावेत: कशासाठी आणली, याच तक्रारीसाठी कितव्यांदा आणली, आणि सुटा भाग मिळायला किती दिवस लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते, कारण भागासाठी तीन आठवडे कार्यशाळेत उभी राहणारी गाडी वॉरंटीत असूनही बिनकामाचीच.

चौथे, परत बोलावलेल्या गाड्यांची नोंद. वाहन उत्पादकांची संघटना सियाम आपल्या संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वेच्छेने परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती ठेवते, ती मॉडेलनुसार वाचावी. गाड्या परत बोलावणे आणि वॉरंटी यांत गल्लत करू नये. मारुती सुझुकीने मार्च 2024 मध्ये इंधनपंपाच्या मोटरमधील संभाव्य दोषासाठी 11,851 बलेनो आणि 4,190 वॅगनआर परत बोलावल्या. त्या जुलै ते नोव्हेंबर 2019 या काळात तयार झालेल्या होत्या, म्हणजे त्यांची मूळ दोन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपलेली होती, तरी भाग फुकट बदलून देण्यात आला. कंपनीने गाड्या परत बोलावल्या म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही. मात्र एकाच मॉडेलबाबत तेच तेच कारण पुन्हा दिसले तर थबकावे.

सावधान: भारत एनकॅपचे तारे अपघातातल्या सुरक्षिततेचे असतात. पाच तारे मिळालेल्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर टिकेल की नाही, हे त्यांतून कळत नाही. तारे पाहावेतच, पण वेगळ्या रकान्यात.

चाचणीफेरी याच टप्प्यात उरकावी, आणि जो प्रकार घ्यायचा आहे त्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या गाडीतून. घरातली चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून, उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा सुरुवात करून पाहावी. पुढे सिमरोलचा किंवा सेंधव्याजवळचा बिजासन घाट भरल्या गाडीने चढायचाच आहे.

टप्पा 3: वॉरंटीची पुस्तिका बुकिंगच्या आधी वाचणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढची निम्मी भांडणे इथेच जन्माला येतात. दोन किंवा तीन मॉडेल नक्की झाली की प्रत्येकाची वॉरंटी पुस्तिका मागून घ्यावी किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. माहितीपत्रकातली एक ओळ ही पुस्तिका नव्हे. वाचताना पुढील गोष्टी शोधाव्यात आणि कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात.

मुदत. ती नेहमी वर्षे किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल ते, अशी असते. मारुती सुझुकीने जुलै 2024 पासून मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा 40,000 किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. होंडा अमेझला तीन वर्षे मिळतात आणि किलोमीटरची मर्यादा नाही. जास्त फिरणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठे अंतर आहे, महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याच्या दृष्टीने काहीच नाही.

सुरुवातीची तारीख. वॉरंटी आपण नारळ फोडतो त्या दिवशी सुरू होते असे समजू नये. महिनाअखेरीचे लक्ष्य गाठण्यासाठी एखादा विक्रेता तीस तारखेला बिल फाडतो, आणि ग्राहक पुढच्या पंधरवड्यात गुढीपाडव्याला गाडी नेतो. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली गेली तर तेवढे दिवस फुकट जातात, आणि विम्याचेही तसेच. पुस्तिकेत कोणती तारीख धरली आहे ते पाहून ठेवावे, सातव्या टप्प्यात ते कामी येते.

काय वगळले आहे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, तेल, बल्ब, फ्यूज यांसारख्या झिजणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तू मूळ वॉरंटीत नसतात, किंवा फार थोड्या काळापुरत्या असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपन्यांची वेगळी असते आणि दावाही त्यांच्याच नियमांनी चालतो. भेसळीचे इंधन, पाण्यात बुडणे, अपघात, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि बाहेरून केलेले फेरफार हे सारे वगळलेल्यांत असते. आता पंपांवर सर्रास ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तेव्हा गाडी त्याला योग्य असल्याचे पुस्तिकेत आणि इंधनाच्या झाकणावर लिहिलेले आहे याचीही खात्री करावी. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवली तर वॉरंटी अडचणीत येते, हेही अनेकांना माहीत नसते.

बदललेल्या भागाची वॉरंटी. अडीच वर्षांनी वॉरंटीत स्टिअरिंगची मोटर बदलून मिळाली, तर नव्या मोटरला पुन्हा तीन वर्षे मिळत नाहीत. सामान्यतः गाडीच्या मूळ वॉरंटीचे उरलेले सहा महिनेच तिला लागू असतात. विक्रेता याविषयी स्वतःहून बोलत नाही.

ग्राहकाची कर्तव्ये. ठरलेल्या वेळी ठरलेली सर्व्हिस, ठरलेल्या दर्जाचे तेल, आणि त्याची नोंद. सर्व्हिसलाही वर्षे किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते, हाच नियम असतो. कमी फिरणारे लोक इथे हमखास चुकतात: गाडी दहा हजार झालीच नाही, मग सर्व्हिस कशाला, असे म्हणून वर्ष उलटू देतात आणि वॉरंटीला भोक पाडून घेतात.

तपासा: निवडलेल्या मॉडेलांचा तक्ता तयार झाल्यावर स्वतःला विचारावे की पहिल्या तीन वर्षांत होऊ शकणारा सर्वांत महागडा बिघाड कोणता आणि तो नक्की कोणाच्या खिशातून जाणार. उत्तर देता येत नसेल तर पुस्तिका पुन्हा उघडावी.

टप्पा 4: वाढीव वॉरंटीचा हिशेब

आता पहिल्या टप्प्यातला आकडा बाहेर काढावा. मारुतीची वाढीव वॉरंटी जास्तीत जास्त सहा वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत जाते. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर चालवणाऱ्या प्रतिनिधीचे एक लाख किलोमीटर अडीच वर्षे भरण्याआधीच होतात, आणि एक लाख साठ हजार चौथे वर्ष संपण्याआधी. म्हणजे तो पैसे देतो सहा वर्षांचे आणि त्याला मिळतात पावणेचार. त्याने किलोमीटरची मर्यादा नसलेली किंवा जास्त मर्यादेची योजना शोधावी. सुदामानगरातल्या जोडप्याचे सहा वर्षांत 36,000 किलोमीटर होतील. त्यांची सहाही वर्षे वसूल होतात, आणि गाडी कमी चालत असली तरी इलेक्ट्रॉनिक भाग, एसी आणि रबरी सील वयाने बिघडतातच. कमी फिरणाऱ्याला वाढीव वॉरंटीची गरज नाही हा समज म्हणूनच उलटा आहे.

घ्यायची की नाही, हे ठरवण्याची माझी पद्धत सोपी आहे. सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या खिडकीवर जाऊन पाच भागांच्या किमती लिहून आणाव्यात: एसी कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची मोटर, डॅशबोर्डवरचा पडदा, इंजिनचा संगणक, आणि ऑटोमॅटिक असल्यास गिअर बदलणारा भाग. यांपैकी एकाची किंमतही वाढीव वॉरंटीच्या रकमेहून जास्त निघाली, तर गाडी चार वर्षांहून अधिक ठेवणाऱ्याने ती घ्यावी. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने घेऊ नये, मात्र ती पुढच्या मालकाच्या नावे होत असेल तर विकताना उपयोग होतो. हस्तांतराची अट वाचून ठरवावे.

वाढीव वॉरंटी देणारा कोण, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. एक प्रकार खुद्द कंपनीचा, जो देशभर तिच्या कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत चालतो. दुसरा विक्रेत्याने बाहेरच्या संस्थेमार्फत विकलेला, ज्याचे दावे वेगळ्या खिडकीवर जातात आणि धुळ्याजवळ गाडी बंद पडली तर त्याचा कितपत उपयोग होईल हे आधी सांगता येत नाही. कागदावर कंपनीचे नाव आणि योजनेचा क्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सावधान: वाढीव वॉरंटी म्हणजे मूळ वॉरंटीच पुढे ताणलेली नव्हे. तिच्यातून वगळलेल्या भागांची यादी बहुधा लांब असते. रंग, आसनांची कापडे, सस्पेन्शनचे रबरी बुश यांसाठी ती पुन्हा वाचावी. ती खरेदीच्या दिवशीच घ्यावी लागते असेही नाही. बहुधा मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते, पण उशीर होईल तशी महाग पडते.

टप्पा 5: कोटेशन

कोटेशन लेखी आणि कलमवार घ्यावे. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेला असतो. चार मीटरपर्यंत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा सीएनजी अथवा 1500 सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के दर आहे. लांबी बसूनही इंजिन मोठे असेल तर 40 टक्के लागतो, ब्रेझाचे पेट्रोल इंजिन याचे उदाहरण. किंमत दहा लाखांवर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

यानंतर रस्ताकर, नोंदणी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट, फास्टॅग आणि विमा. त्याखाली हँडलिंग, लॉजिस्टिक, एसेन्शियल किट अशा नावांच्या ओळी दिसल्या तर त्या कशाच्या आहेत आणि पावती कोणत्या नावाने मिळेल, हे विचारावे. विचारल्यावर त्या ओळी बऱ्याचदा नाहीशा होतात.

विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. नव्या कारला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. दोन ठिकाणांहून दर मागवताना गाडीची विमा-किंमत (आयडीव्ही) आणि जोडसंरक्षणे (ॲड-ऑन) सारखी ठेवावीत, नाहीतर तुलना फसते. जुनी गाडी विकत असाल तर तिच्यावरील नो क्लेम बोनसचे, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचे, पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावून घ्यावा. जोडसंरक्षणे सोडून नुकसानीच्या हप्त्यावर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि अदलाबदलीच्या घाईत जुनी गाडी देऊन मोकळे होणारे लोक तो तसाच सोडून देतात. पावसाळ्यात सखल भागातून जाणाऱ्याने इंजिन संरक्षण घ्यावेच, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या नादात इंजिन गेले तर वॉरंटीही हात झटकते आणि साधा विमाही.

मेळ्याची सवलत हा मध्य प्रदेशातला खास मुद्दा आहे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि 2024 व 2025 मध्ये उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही वाहनांच्या रस्ताकरात 50 टक्के सूट मिळाली. इंदूरकरांना उज्जैन तासा-दीड तासावर असल्याने मोह होणे साहजिक आहे. मात्र ही सूट दरवर्षी शासनाचा आदेश निघाल्यावरच लागू होते. विक्री मेळ्यातल्या दालनातून आणि नोंदणी तिथल्याच परिवहन कार्यालयात व्हावी लागते, म्हणजे उज्जैनला गाडीवर एमपी-09 ऐवजी एमपी-13 येतो. राज्य एकच असल्याने त्याने काही अडत नाही, आणि कंपनीची वॉरंटी इंदूरच्या कार्यशाळेतही तशीच चालते. आदेश निघण्याआधी, मेळ्यात सूट नक्की मिळेल, असे तोंडी सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नये.

कर्जाविषयी एवढेच: व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचा आकार हे तिन्ही लेखी घ्यावेत, आणि आपल्या बँकेचा दर विचारल्याशिवाय शोरूममधल्या टेबलावर सही करू नये.

टप्पा 6: बुकिंग

बुकिंगची रक्कम कमीत कमी ठेवावी. पावतीवर मॉडेल, प्रकार, रंग, मान्य झालेली सवलत, गाडी मिळण्याची अपेक्षित तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लिहून घ्यावे. त्याच कागदावर आणखी दोन वाक्ये घालावीत: गाडी चालू वर्षात तयार झालेली असेल, आणि बिल करण्यापूर्वी ग्राहकाला गाडी तपासू दिली जाईल. दुसऱ्या वाक्याला जो विक्रेता आढेवेढे घेतो, त्याच्याकडून मी गाडी घेणार नाही.

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी एकेका शोरूममधून रांगेने गाड्या बाहेर पडतात आणि तपासणीला कोणालाच वेळ नसतो. मुहूर्त त्या दिवसाचा असू द्यावा, तपासणी त्याच्या आठवडाभर आधीची. पितृपक्षात शोरूम ओस असतात; ज्यांना चालते त्यांनी तेव्हा बोलणी आणि तपासणी उरकून ठेवावी, विक्रेताही निवांत बोलतो.

टप्पा 7: बिलापूर्वी गाडीची तपासणी

गाडीचे बिल फाटले आणि चेसिस नंबर आपल्या नावे चढला की ती आपली झाली. त्यानंतर ओरखडा सापडला तर दुरुस्तीचे आश्वासन मिळते, बदली गाडी मिळत नाही. म्हणून तपासणी बिलाआधी, स्टॉकयार्डात, दिवसाच्या उजेडात आणि गाडी धुतलेली असताना करावी. देवास नाक्याच्या बाजूला गोदामात ठेवलेली, धुळीने माखलेली गाडी संध्याकाळी दाखवली जात असेल तर सरळ दुसरा दिवस मागावा.

क्रम असा ठेवावा. प्रथम चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून त्यांचा फोटो घ्यावा. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात निर्मितीचा काळ सांकेतिक अक्षरांत दडलेला असतो, पण ते स्थान कंपनीगणिक वेगळे असते. म्हणून अंदाज न बांधता निर्मितीचा महिना आणि वर्ष लेखी मागावे. नोंदणीसाठीच्या फॉर्म 21 मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात, ते येतेच, तेव्हा विक्रेत्याला ते लपवता येत नाही. मग मीटर: यार्डातून इकडेतिकडे नेल्याचे काही किलोमीटर समजण्यासारखे आहेत, शेकड्यांत आकडा असेल तर ती चाचणीफेऱ्यांची गाडी असू शकते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. पाचही टायर पाहावेत. काचांवरचे शिक्के एकाच कंपनीचे आहेत का, हेही पाहावे. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली, हे विचारावे.

रंग पाहताना बाजूने, पत्र्याला समांतर नजर लावून पाहावे. पुन्हा रंगवलेला भाग उजेडात वेगळा पोत दाखवतो. दरवाजे आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख, द्रवांच्या पातळ्या आणि बोल्टवर पाना लावल्याच्या खुणा पाहाव्यात. आत बसून प्रत्येक बटण दाबावे, चारही काचा खाली-वर कराव्यात, एसी दहा मिनिटे चालवावा, डॅशबोर्डवरचे सगळे इशारे इंजिन सुरू झाल्यावर विझतात याची खात्री करावी. शेवटी गाडीखाली डोकावून तेलाचा थेंब किंवा गंज दिसतो का ते पाहावे. या कामाला तासभर पुरतो.

तपासा: दोष सापडला आणि तो किरकोळ असेल तर दुरुस्तीचा कागद घेऊन पुन्हा तपासावे, रंगकाम, काच किंवा यंत्रातला दोष असेल तर दुसरा चेसिस नंबर मागावा. सगळे पसंत पडल्यावरच त्याच चेसिस नंबरवर बिल करण्यास लेखी सांगावे आणि बिलाची तारीख गाडी ताब्यात घेण्याच्या तारखेच्या जवळ ठेवण्याचा आग्रह धरावा.

टप्पा 8: ताबा घेण्याच्या दिवशी

पूजा, हार, फोटो यांच्या आधी कागद पाहावेत. बिल, विमा पत्र आणि नोंदणीचे कागद या तिन्हींवर नाव, पत्ता, चेसिस आणि इंजिन नंबर अक्षर न् अक्षर जुळायला हवेत. मराठी आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग इथल्या काउंटरवर हमखास बदलते. ते आधारप्रमाणे आहे का, हे तिथेच पाहिले नाही तर पुढे नायता मुंडल्याच्या परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागतात. वॉरंटीच्या नोंदीत सुरुवातीची तारीख काय टाकली आहे ते संगणकावर दाखवून घ्यावे. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचे प्रमाणपत्र त्याच दिवशी मागावे, कारण पैसे भरूनही नोंद न झाल्याचे काही वर्षांनी कळते.

ॲक्सेसरीज बसवताना एकच नियम पाळावा: वायर कापून काही जोडायचे नाही. कॅमेरा, दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम जे काही हवे ते कंपनीच्या जोडणीने आणि अधिकृत कार्यशाळेत, बिलासह बसवावे.

टप्पा 9: पहिले वर्ष, सर्व्हिस आणि तक्रारी

सर्व्हिसच्या तारखा फोनमध्ये घालून ठेवाव्यात आणि मुदतीच्या आठवडाभर आधीच वेळ घ्यावी, कारण दिवाळीच्या आणि उन्हाळी सुटीच्या आसपास कार्यशाळेत जागा नसते. प्रत्येक जॉब कार्ड (गाडी जमा करताना कार्यशाळा तक्रारी आणि कामे लिहिते तो कागद) आणि बिलाची प्रत जपावी. सर्व्हिसमधल्या नायट्रोजन, कोटिंग, इंजिन क्लीनिंग अशा जादा कामांना पुस्तिकेत नसल्यास नकार द्यावा. त्याने वॉरंटीला काही होत नाही.

दोष जाणवला की सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे तो जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घेणे. सर्व्हिस ॲडव्हायझर बऱ्याचदा म्हणतो, साहेब, हे नॉर्मल आहे, पुढच्या सर्व्हिसला बघू. त्याचे मत काहीही असो, तक्रार लिहिल्याशिवाय गाडी सोडू नये. थंड इंजिनवर सकाळी दहा मिनिटे डाव्या बाजूने कट-कट आवाज, असे नेमके लिहावे आणि शक्य असल्यास त्याचा व्हिडिओ ठेवावा. वॉरंटी संपल्यावर तोच भाग निकामी झाला, तर तक्रार मुदतीत नोंदली होती हे दाखवणारा कागदच आपल्या बाजूने उभा राहतो. दोष आढळला नाही असा शेरा मिळाला तरी ते कार्ड जपावे; तीच तक्रार तीन कार्डांवर आली की दोष वारंवार होतो हे सिद्ध करणे सोपे जाते.

दावा नाकारला गेला तर कारण पुस्तिकेतल्या कलमासह लेखी मागावे. त्यानंतर कंपनीच्या ग्राहकसेवेकडे ईमेल करावा आणि त्यात चेसिस नंबर, जॉब कार्डांचे क्रमांक, तारखा आणि आपली नेमकी मागणी असावी. तेवढ्याने भागले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे गाडी उज्जैनच्या मेळ्यात घेतलेली असली तरी इंदूरच्या रहिवाशाला तक्रारीसाठी उज्जैनला जावे लागत नाही.